आपला हात प्लंबरनाथ!

प्लंबर आणि बॉस यांच्यात एक मूलभूत फरक आहे. बॉस नको असतो तेव्हा नेमका समोर उभा असतो आणि प्लंबर हवा असतो तेव्हा 'दुसऱ्या साइटवर' असतो. त्यातून तुम्ही आमच्यासारखे विरारकर असाल तर विचारूच नका. चंदनसारहून शेअर रिक्षाने स्टेशन गाठायचं, लोकलमध्ये कसंबसं शिरायचं आणि दिवसभर कीबोर्ड बडवून घरी यायचं तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. प्लंबर म्हणतो, "ताई, दुपारी दोनला येतो ना!" दुपारी दोनला आमच्या घरात असते ती फक्त पाल. म्हणजे वडापावपेक्षा स्वस्त असलेल्या एका वायसरसाठी एक सीएल घालवायची? छे, परवडत नाही बॉस!

म्हणून आज किचन-बाथरूमच्या पाण्याविषयी बोलू. हे काम अवघड नाही. कोणता कॉक बंद केला की कुठलं पाणी बंद होतं, हे माहीत असलं की निम्मा प्लंबर तुम्ही झालातच.

थेंबे थेंबे टाकी रिकामी

आमच्या भागात गळका नळ ही चैन आहे. वसई-विरारला पाणी येतं ते सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून, शिवाय उसगाव आणि पेल्हारच्या धरणांतून. 2009 मध्ये महापालिका झाली, इमारती भराभर उभ्या राहिल्या आणि पाणी मागे पडलं. एमएमआरडीएच्या सूर्या योजनेतून वसई-विरारच्या वाट्याला रोज 185 दशलक्ष लिटर पाणी ठरलं, ते यायला 2023 ची अखेर उजाडली. तोवर इमारतींनी टँकर आणि बोअरवेलशी घरोबा केला होता. अनेक सोसायट्यांचा तो संसार अजूनही सुटलेला नाही.

आता एक हिशेब करा. साधारण 4,000 थेंबांचा एक लिटर होतो असं धरा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला 86,400 थेंब सांडतो. म्हणजे 21 लिटरहून जास्त, एक भरलेली बादली! आणि हे पाणी फक्त तुमचं नसतं. गच्चीवरची टाकी सगळ्यांची असते. तुमचा फ्लश रात्रभर गळला, तर सकाळी सहाच्या लोकलसाठी उठलेल्या शेजाऱ्याच्या शॉवरमधून नुसती हवा येते. टँकर मागवला की त्याचं बिल मेंटेनन्समध्ये सगळ्यांना वाटून येतं, तुम्हालाही.

आधी शॉपिंग

मॉलमध्ये जायची गरज नाही, कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान पुरे. एक ॲडजस्टेबल पाना, एक पकड, दोन स्क्रू ड्रायव्हर (एक चपटा, एक फुलीचा), टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंची वायसरचं पाकीट आणि एक रबरी पंप. झाली ट्रूसो तयार! दुकानातला काका तुम्हाला पहिला प्रश्न विचारणार, "ताई, जुना पार्ट आणलाय का?" म्हणून खराब झालेला पार्ट कायम सोबत न्या. नाव माहीत नसलं तरी चालतं, नमुना दाखवला की काम होतं.

नळ टपटपतोय

सिंकखाली किंवा बेसिनखाली भिंतीला एक छोटा कॉक असतो, तो अँगल कॉक. तो बंद करा. बाथरूमच्या नळासाठी बाहेर किंवा माळ्यावर वेगळा कॉक असतो. मग नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि सिंकच्या भोकावर फडकं टाका. नाहीतर पहिला स्क्रू थेट गटारात.

नळाच्या डोक्यावरची टोपी काढा, आतला स्क्रू सोडवा, मूठ उपसून घ्या. आत जो पितळी भाग दिसतो तो स्पिंडल. पाना लावून तो डावीकडे फिरवा. पान्याखाली कापड धरलं तर क्रोमवर ओरखडे येत नाहीत. जुन्या, गोल गोल फिरवायच्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो. तो झिजलेला किंवा कडक झालेला असणार, नवा बसवा. पाव वळणात उघडणारा नवा नळ असेल तर त्यात वायसर बदलत बसू नका, पूर्ण स्पिंडलच बदला.

पाणी नळाच्या तोंडातून नाही तर भिंतीजवळच्या जोडातून येत असेल, तर नळ सोडवून आट्यांवर दहा-बारा वेढे टेफ्लॉन टेप गुंडाळा. आटे तुमच्याकडे धरले की टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून येते. नळ बसवताना मात्र जिममधली ताकद दाखवू नका. भिंतीतला प्लॅस्टिकचा एल्बो तडकला तर टाइल्स फोडाव्या लागतात.

फ्लशची गुपचूप चोरी

नळ गळताना आवाज करतो, फ्लश गुपचूप चोरी करतो. त्याला पकडायची युक्ती सोपी आहे. शिऱ्यात घालतो तो केशरी रंग चिमूटभर फ्लशच्या टाकीत टाका आणि अर्धा तास कोणालाही तिकडे फिरकू देऊ नका. कमोडमध्ये केशरी रंग उतरला? चोर सापडला.

टाकीचं झाकण उचला. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून आत सांडत असेल तर फ्लोट जास्त वर आहे. त्याच्या बाजूचा स्क्रू फिरवून तो खाली आणा. पाणी त्या तोंडाच्या इंचभर खाली थांबलं पाहिजे. पाण्याची पातळी बरोबर असूनही गळत असेल तर तळाच्या रबरी सीलखाली कचरा अडकलाय किंवा ते सील वाकडं झालंय. पुसून बघा, नाही जमलं तर बदला. टँकरच्या पाण्यातून येणारी बारीक रेती हे इथलं नेहमीचं दुखणं आहे.

धार बारीक झालीय

लगेच सेक्रेटरीला फोन लावू नका. आधी नळाच्या तोंडाची जाळी हाताने किंवा कापड धरून पकडीने सोडवा. टाकी तळाला गेली की गाळ थेट इथे येऊन बसतो आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर वरून चढतो. व्हिनेगर आणि पाणी अर्धंअर्धं घेऊन त्यात जाळी तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि परत लावा. शॉवरलाही हाच फेशियल.

टाकी पूर्ण रिकामी होऊन भरल्यावर नळ खोकला झाल्यासारखा फुरफुरतो, कारण पाइपमध्ये हवा अडकलेली असते. नळ हळूहळू उघडा आणि हवा जाऊ द्या. पहिलं गढूळ पाणी बादलीत धरा, लादी पुसायला होतं.

तुंबलं रे तुंबलं

बेसिनखालचा बाटलीसारखा भाग म्हणजे बॉटल ट्रॅप. खाली बादली ठेवा, हाताने फिरवून उघडा, आतला केसांचा-साबणाचा गोळा काढा आणि रबरी रिंग जागेवर बसवून बंद करा. किचन सिंकला रबरी पंप. सिंकमध्ये चार इंच पाणी साठवा, बेसिनला वरचं छोटं भोक असेल तर ते ओल्या फडक्याने बुजवा आणि पंधरा-वीस दणके द्या.

बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये जाळीखाली एक वाटी उलटी बसवलेली असते. पाणी लवकर जात नाही म्हणून बरेच जण ती काढून फेकतात. मग घरात गटाराचा वास आणि झुरळं का येतात, असा प्रश्न पडतो. त्या वाटीमुळेच पाणी अडून वास बाहेर थांबतो. धुवा आणि परत ठेवा.

आणि हात जोडून एक विनंती. ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

इथे मात्र हात आवरा

गीझर गळत असेल तर मेन स्विच बंद करून जाणकाराला बोलवा. वीज आणि पाणी एकत्र आलं की आपली हुशारी संपली. भिंतीतून ओल येत असेल किंवा खालच्यांच्या छतावर डाग उमटला असेल तर प्लंबर आणि सोसायटी दोघांना कळवा. 'बघू नंतर' म्हणालात तर शेजाऱ्यांशी वर्षभराचं भांडण पक्कं. पाणी गेलेलं असताना घराबाहेर पडायचं असेल तर सगळे नळ बंद आहेत का ते हाताने फिरवून तपासा, गीझरचा स्विचही. तुम्ही दादरच्या ब्रिजवर असताना इकडे पाणी आलं, तर तुमचा सोफा पोहायला शिकतो.

या रविवारचा होमवर्क

चहा झाला की घरातला प्रत्येक कॉक शोधा. बंद करा, कोणता नळ थांबतो ते बघा आणि कॉकवर मार्करने लिहून ठेवा: 'किचन', 'बाथरूम', 'फ्लश'. जड पाण्यामुळे कॉक जाम होतात, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाला एक वळसा द्या. घरात आई-बाबा असतील, रूममेट असेल, तर त्यांनाही हे दाखवा. पाइप फुटतो तेव्हा घरी कोण असेल ते सांगता येत नाही, पण जो असेल त्याचा हात पहिल्या मिनिटात योग्य कॉकवर गेला पाहिजे.