बंदी उठली, पण कशासाठी?

ऑगस्ट १९४२ म्हटले की आपल्या विदर्भातील विद्यार्थ्याला चिमूर आणि आष्टी आठवतात. १६ ऑगस्टला चिमुरात गोळीबार झाला, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. परंतु त्याच्या काही आठवडेच आधी, जुलैमध्ये, याच इंग्रज सरकारने कम्युनिस्ट पक्षावरील आठ वर्षांची बंदी उठवली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. एका हाताने गोळी, दुसऱ्या हाताने मोकळीक!

मुळात बंदी आली ती संपांमुळे. १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्यातच गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. सरकारने २० मार्च १९२९ रोजी डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे आदींना पकडले आणि खटला भरला तो मीरतला. मुंबईच्या कामगारांचा न्याय इतक्या लांब का? तेथे ज्यूरी नव्हती म्हणून! १९३४ मध्ये गिरण्यांत पुन्हा संप झाला व त्याच वर्षी पक्ष बेकायदा ठरला. तरीही २ ऑक्टोबर १९३९ रोजी सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस काम बंद ठेवले. पुढारी पुन्हा तुरुंगात गेले. कित्येक देवळीच्या छावणीत (ही वर्ध्याजवळची देवळी नव्हे, राजपुतान्यातली).

मग सरकारला एकाएकी प्रेम का फुटले? २२ जून १९४१ रोजी हिटलर रशियावर चालून गेला. त्या वर्षअखेर पक्षाने भूमिका बदलली. कालचे साम्राज्यशाहीचे युद्ध आता लोकयुद्ध झाले. इकडे जपान ब्रह्मदेशात येऊन ठेपला होता. सरकारला गिरण्या चालू हव्या होत्या. हिशेब जुळला.

या प्रकरणावर बोलणे निघाले की ‘कम्युनिस्ट फितूर झाले’ असे एका वाक्यात आटोपण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा लिहिला, तो काय इंग्रजांच्या सांगण्यावरून? वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेल्या त्या माणसाला रशियातील कामगारांचे राज्य वाचावे असे मनापासून वाटत होते. आणि सरकारशी तडजोड म्हणाल तर गांधीजींनीही १९३१ मध्ये आयर्विनशी केलीच होती. पण त्या करारात सत्याग्रहींची सुटका झाली, किनाऱ्यावरच्या लोकांना मीठ करण्याची मुभा मिळाली. १९४२ मध्ये पक्षाला काय मिळाले? उघडपणे काम करण्याची परवानगी, वर्तमानपत्र, १९४३ मध्ये मुंबईत पहिले खुले अधिवेशन. आणि दिले काय? संप.

माझा आक्षेप एवढाच आहे. गांधीजींना सोडा, राष्ट्रीय सरकार स्थापन करा, अशी मागणी पक्ष त्या काळातही करीत होता, हे खरे. पण त्या मागणीमागे आता संपाची धमकी नव्हती, आणि नुसत्या ठरावाला कोणते सरकार भीक घालते? शिवाय संप हा काही पक्षाच्या मालकीचा नव्हता. तो परळ-लालबागच्या चाळींत उपाशी राहून सहा महिने टिकवणाऱ्या बाप्यांचा आणि बायांचा होता. महागाई तर युद्धात वाढतच होती. युद्धापुरता संप बाजूला ठेवा असे त्यांना सांगितले गेले. त्यांना विचारले किती गेले?

सरकारने मात्र आपला हिशेब चोख ठेवला. युद्ध संपून सहा आठवडेही झाले नाहीत तोच, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलवाड्याला लाल बावट्याखाली जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या; जेठ्या गांगड व त्याचे साथी तेथे पडले. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या बंडाला पाठिंबा म्हणून पक्षाने २२ तारखेला मुंबईत संप पुकारला. कामगार बाहेर पडले, कोणी मागचे काढीत बसले नाही. परळला कमल दोंदे ही पक्षाची कार्यकर्ती लष्कराच्या गोळीने मेली, आणि त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसे गेली.