जुने डांबर, नवा रस्ता आणि मजुराची छाती

रस्त्याचा जुना डांबरी थर यंत्राने खरवडायचा, निघालेला माल नव्या खडी-डांबरात मिसळायचा आणि पुन्हा अंथरायचा, ही पद्धत आता नवलाची राहिलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने तिची नियमावली २०१५ मध्येच काढली. खडी वाचते, डांबर वाचते, पैसाही वाचतो. शिवाय थरावर थर चढवल्याने रस्ता उंच आणि घरे खाली, मग पावसाळ्यात गटाराचे पाणी उंबऱ्याच्या आत, हा आपल्या शहरांतला नेहमीचा प्रकार. खरवडून केलेला रस्ता निदान उंची तरी वाढवत नाही. लेप्टोचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला हा फायदा लहान वाटणार नाही.

पण अशा रस्त्याला ‘हरित’ म्हणताना हिशेब टनांचा आणि कार्बनचा होतो. पेव्हरमागे फावडे घेऊन चालणारा मजूर त्या हिशेबात नसतो. त्याच्या नाकाशी काय येते हे पाहिल्याशिवाय ही पाटी लावू नये.

मराठीत ‘डांबर’ हा शब्द एकच, वस्तू मात्र दोन. एक कोळशापासून निघणारे. कपाटातल्या डांबरगोळ्या मूळच्या त्याच्याच घरातल्या. ते सशांच्या कानांना महिनोन्महिने चोळले तर कॅन्सर होतो, हे यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी १९१५ मध्ये दाखवले. दुसरे, खनिज तेल शुद्ध करताना उरणारे बिट्युमेन. आजचे रस्ते त्याचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोळशाच्या डांबराचे रस्तेकाम निःसंशय कर्करोगकारक ठरवले आहे, तर बिट्युमेनच्या रस्तेकामाला ‘कर्करोगाची शक्यता’ या बऱ्याच खालच्या गटात ठेवले आहे. तेव्हा डांबरी रस्ता म्हणजे कॅन्सर, अशी ओरड चुकीचीच. मात्र जुना थर उकरताना हा फरक कळीचा ठरतो. नेदरलँड्समध्ये कोळशाचे डांबर असलेला जुना थर पुन्हा रस्त्यात वापरायला बंदी आहे. तो भट्टीत जाळून खडी मोकळी करतात. आपल्याकडेही जुना माल प्लांटवर नेण्याआधी तपासायला हवा.

धुराचे गणित मुख्यतः तापमानाचे आहे. नेहमीचा माल दीडशे अंशांच्या वर शिजतो. जुने डांबर उन्हावाऱ्याने कडक झालेले असते, ते सैल करायला आच वाढवण्याचा मोह होतो आणि तो माल थेट ज्वालेला लागला तर निळसर धूर निघतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, खोकला आणि आधीच दमा असेल तर रात्रभर धाप, हे त्याचे नेहमीचे परिणाम. यावर ‘वॉर्म मिक्स’ हा उपाय आहे. त्यात माल साधारण २० ते ४० अंश कमी तापमानाला तयार होतो, धूर घटतो, इंधनही वाचते. पुनर्वापराच्या निविदेत याची अट नसेल तर काम अर्धेच.

प्लास्टिकच्या रस्त्यांचेही तसेच. मदुराईच्या प्रा. आर. वासुदेवन यांना त्यासाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच. त्या पद्धतीत पीव्हीसी चालत नाही, कारण तापवल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. नियमात ते एका ओळीत लिहून होते. ढिगातून ते वेगळे काढणारे हात कचरावेचक बायकांचे असतात.

धुरापेक्षाही मोठी काळजी धुळीची. खरवडताना खडीचा भुगा उडतो आणि त्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. झालेली इजा भरून काढणारे औषध नाही आणि अशा छातीला क्षयरोगही लवकर गाठतो. नवी खडी कमी लागली म्हणजे क्रशरवरच्या मजुराची धूळ कमी झाली, हे खरे. पण ती खरवडणाऱ्या मजुराच्या छातीत गेली तर कमावले काय? यंत्राच्या दातांवर पाण्याचा फवारा ठेवला तर धूळ बरीच जागीच बसते. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही.

हा आजार बहुधा वर्षानुवर्षांनी दिसतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो, मुकादम बदललेला असतो, मजूर गावी परतलेला असतो आणि कोणत्या रस्त्यावर काय ओढले याची नोंद कुठेच नसते. म्हणून छातीची तपासणी काम सुरू होतानाच व्हावी, दरवर्षी व्हावी आणि तिचा कागद मजुराच्या हाती असावा. त्याचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरावा.

आणि जे आजच करता येईल ते: हात डिझेलने किंवा रॉकेलने धुऊ नयेत, त्याने कातडी फाटते, साबण नाहीतर खाद्यतेल वापरावे. गरम डांबर अंगावर पडले तर लगेच गार पाण्याखाली धरावे, किमान वीस मिनिटे. चिकटलेले डांबर ओढून काढू नये, कातडी सोबत निघते. ते काढायचे काम दवाखान्यावर सोडावे.