नाक तेलकट, गाल कोरडे!

दोस्तांनो, ताडकळसच्या उन्हातून सायकल हाणत घरी आलात. आरशात पाहता तर काय, नाक-कपाळ तेलानं चकाकतंय आणि गाल मात्र ओढल्यासारखे! घाबरू नका. हिला मिश्र त्वचा म्हणतात. कपाळ, नाक, हनुवटी इथं तेलग्रंथी जास्त असतात आणि वयात येताना त्या जोमानं कामाला लागतात.

मग कुणीतरी सांगतं, "टोनर लाव." टोनर म्हणजे तोंड धुतल्यावर कापसानं लावायचं पातळ द्रव. पूर्वी तो मुख्यतः चेहऱ्यावर राहिलेला साबण पुसायला वापरत. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका राहतो ना, तोच!

पण बाटलीवर 'अल्कोहोल' लिहिलंय का, ते आधी वाचा. त्यानं कोरडे गाल आणखी कोरडे होतात. झोंबलं म्हणजे गुण आला, असं मुळीच नाही बरं का! लिंबू आणि तुरटीही चोळू नका.

टोनर लावायचाच, तर अल्कोहोल नसलेला, तोही फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा. गालांना साधं मॉइश्चरायझर पुरे. आणि खरं सांगू? सौम्य साबणानं दोनदा तोंड धुतलंत, तर टोनरवाचून काही अडत नाही.

आई-बाबा, तुम्हालाही एक सांगणं. मुलं आरशासमोर रेंगाळली, तर "किती नटतेस!" म्हणून हिणवू नका. मुरमं दुखत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या.