खर्च विचारला, पण परिणाम कोण सांगणार?

परवा द्वारका चौकातल्या टपरीवर चहा घेत होतो. ओळखीची एक तृतीयपंथी पोरगी, वय जेमतेम विशीचं, जवळ येऊन म्हणाली, "दादा, निर्वाण करायचंय. किती खर्च येतो हो?"

पुढे काय होतं, हे तिने विचारलंच नाही. तिला ते कुणी सांगितलंही नव्हतं.

निर्वाण म्हणजे अंडकोष, कधी लिंगही, काढून टाकणं. अंडकोष गेले की टेस्टोस्टेरॉन जवळपास संपतं. स्वतःचं मूल होण्याची शक्यता कायमची जाते. ती राखायची असेल तर शुक्राणू आधीच गोठवून ठेवावे लागतात. नंतर हार्मोन्स घेतले नाहीत तर हाडं ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा येतात, थकवा आणि उदासी येऊ शकते. म्हणजे ऑपरेशन एका दिवसाचं, पण डॉक्टर वर्षानुवर्षांचा. आणि हेच लपूनछपून, दाईच्या हातून केलं तर? रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीची वाट बंद. जीवसुद्धा जातो.

म्हणून "करूच नका" असं मी म्हणणार नाही. स्वतःचं शरीर परकं वाटणं काय असतं, हे आपल्याला काय कळणार? अनेकींना या शस्त्रक्रियेने खरंच मोकळा श्वास मिळतो. पण औषधांनी टेस्टोस्टेरॉन कमी करून आधी बघता येतं, नाही मानवलं तर थांबता येतं. कापलेलं परत जोडता येत नाही.

खरी भीती दबावाची आहे. काही डेऱ्यांत निर्वाण झालेलीला मान जास्त. घरचे तर आधीच तुटलेले. अशा वेळी 'माझा निर्णय' नेमका कुणाचा असतो? ओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात सांगितलं होतं. जबरदस्तीने लिंगच्छेद करणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार गंभीर दुखापतच.

2019 च्या कायद्याने शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर समुपदेशनाची जबाबदारी सरकारवर टाकली. मग मागणी साधी आहे. सिंहस्थासाठी शहरात एवढी कामं निघालीत, त्यात सिव्हिलमधली एक खोली, एक समुपदेशक, आठवड्यातला एक ठरलेला दिवस. एवढं जमणार नाही का?

त्या पोरीला मी खर्च सांगितला नाही. म्हटलं, "ताई, आधी डॉक्टरकडे जाऊ. मी येतो सोबत."

ती हसली. अजून फोन आलेला नाही.