सतरंजीएवढी तालीम

मंडळी, हल्ली पुण्या-मुंबईची मुलं गावाकडच्या आईवडिलांना ट्रेडमिल पाठवतात. माया कळते हो. पण धाराशिवच्या दोन खोल्यांत तो ठेवायचा कुठे? शेवटी त्यावर टॉवेल वाळतात.

माझं मत असं, की चालायला रस्ता आहे. घरात कमवायची ती ताकद आणि तोल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला; शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा, तीन दिवस तोलाचा.

त्याला सतरंजी आणि भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची पुरते. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठा, भिंतीवर जोर काढा, ओटा धरून एका पायावर उभे राहा. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्यांचा प्रसार केला, त्या सूर्यनमस्कारांनाही सतरंजीएवढीच जागा लागते. गुडघे कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

या वयात पडलं, खुब्याचं हाड मोडलं, की अंथरूण धरलंच. आपल्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणं, हीच आमची श्रीमंती.

तेव्हा मुलांनो, यंत्राचे पैसे राहू द्या. न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवून द्या, आणि फोनवर जेवणाआधी उठाबशांची चौकशी करा.