पैसे लेखकाचे, नाव प्रकाशकाचे

संपादक महोदय,


गेल्या रविवारच्या पुरवणीत नवोदित लेखकांना उपदेश करणारा जो लेख आपण छापलात, त्यात ‘पहिल्या पुस्तकासाठी थोडी गुंतवणूक करण्याची तयारी हवीच’ असे जे विधान मोठ्या सहजतेने केले आहे ते वाचून, आणि त्यावर मंगळवारी व गुरुवारी आलेल्या दोन्ही पत्रांनी त्या विधानापुढे मान डोलावलेली पाहून, महसूल खात्यात तेहतीस वर्षे लोकांचे दस्तऐवज वाचण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास गप्प बसवेना. दोन्ही पत्रलेखकांनी किती पैसे भरावेत याचीच चर्चा केली. पैसे भरावेतच का, हा प्रश्न कोणासही पडला नाही.

माझी भाची निफाड तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. तिच्या पहिल्या कथासंग्रहाचा करारनामा घेऊन ती गेल्या महिन्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, एवढं एकदा वाचून बघता का?” सही अर्थातच आधी झालेली होती. कोणत्या प्रकाशनसंस्थेचा तो कागद होता हे मी येथे लिहीत नाही, कारण तसले कागद आता गल्लोगल्ली सापडतात. एकंदर ४८,००० रुपये तिच्याकडून घेतलेले. त्यांत अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, बांधणी यांच्या जोडीला ‘आयएसबीएन नोंदणी शुल्क’ म्हणून ३,००० रुपये निराळे. हा क्रमांक केंद्र शासनाची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची यंत्रणा एक पैसाही न घेता देते, हे त्या शिक्षिकेस कोणी सांगितले नव्हते, आणि ज्याने सांगावयाचे त्यानेच पावती फाडली होती. पुढील कलमात ‘पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील’ असे ठसठशीत वाक्य. मात्र किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मानधनाच्या बदल्यात, याविषयी चकार शब्द नाही. मुदत, चतु:सीमा आणि मोबदला या तिन्ही गोष्टी गाळून जमिनीचा भाडेपट्टा कोणी माझ्या टेबलावर ठेवला असता, तर तो मी त्याच पावली परत केला असता.

कायदाही याबाबत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते की हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असले पाहिजे, त्यात कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे नमूद असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच. कथा रात्र रात्र जागून लिहिणारी आमची मुले हे एक कलम वाचण्यास अर्धा तास काढतील, तर निम्मे अनर्थ टळतील.

परंतु माझे खरे भांडण कलमांशी नसून ‘गुंतवणूक’ या शब्दाशी आहे. ज्या नाशकात हा लेख छापला गेला, त्याच नाशकात ज्यांचे नाव घेतल्यावाचून आपला एकही समारंभ पार पडत नाही, त्या कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ साली प्रसिद्ध झाली ती कोणाच्या पैशाने? वि. स. खांडेकरांनी ती कोल्हापुराहून पदरमोड करून काढली आणि वर प्रस्तावनाही लिहिली. कोणी म्हणेल, तेव्हाही पैसे कोणीतरी भरलेच होते. होय, भरले होते. पण कवीने भरले नव्हते. दुसऱ्याच्या शब्दांवर विश्वास ठेवून जो आपला पैसा धोक्यात घालतो तोच प्रकाशक, मग तो दुकानाची पाटी लावो वा न लावो; आणि जो लेखकाचाच पैसा घेऊन लेखकालाच छापील कागद परत करतो, तो फार तर मुद्रक. मुद्रकाचा व्यवसाय प्रामाणिक आहे. त्याने प्रकाशक म्हणवून घेऊ नये, एवढेच.

१९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने पंचविशीतल्या नेमाड्यांची ‘कोसला’ काढली. त्याच वर्षी आपल्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा पहिला संग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’ प्रसिद्ध झाला. त्या काळी लेखकाकडूनच पैसे घेणारे हे ‘पॅकेज’ अस्तित्वात असते, तर मोलमजुरी करीत लिहिणाऱ्या बागुलांना ते परवडले असते काय?

आता काळ बदलला, कागद महागला, वाचक आटला, हे मला मान्य आहे. पण ज्याचा नफा पुस्तक छापण्यापूर्वीच वसूल झाला, त्याने मुद्रिते का तपासावीत, वाचनालयांचे उंबरठे का झिजवावेत, प्रदर्शनात टेबल का मांडावे? लेखक हाच त्याचा पहिला आणि शेवटचा गिऱ्हाईक. माझ्या भाचीच्या ३०० प्रतींपैकी २४० प्रती दोन खोक्यांतून तिच्याच घरी आल्या, आणि धान्याच्या कोठीशेजारी, उंदीर लागू नयेत म्हणून विटांवर रचून ठेवल्या आहेत. उरलेल्या साठ ‘वितरणासाठी’ ठेवून घेतल्या, त्यांचा हिशेब अद्याप आलेला नाही.

ज्यांना स्वखर्चाने पुस्तक काढावयाचे आहे त्यांनी ते उघडपणे काढावे: छापखान्यात जाऊन फर्म्याचा भाव विचारावा, आयएसबीएन क्रमांक स्वत: मागवावा, प्रकाशक म्हणून स्वत:चे नाव घालावे आणि हक्क स्वत:कडे ठेवावेत. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची, नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देणारी योजना आहे. आपल्या लेखात तिचा उल्लेख एका ओळीनेही होऊ नये, याचे मला नवल वाटते. मुक्त विद्यापीठाचा ‘विशाखा’ पुरस्कार पहिल्या कवितासंग्रहास मिळतो, शासनही प्रथम प्रकाशनास पुरस्कार देते, आणि ते स्तुत्य आहे. परंतु पुस्तक छापून झाल्यावर मिळणारी शाल, ज्याचे हस्तलिखित अजून ट्रंकेत आहे, त्याच्या काय उपयोगाची?

शालीवरून आठवले. या शहरात प्रकाशन समारंभास तुडुंब गर्दी असते, वक्ते पाच असतात, पुष्पगुच्छांचा ढीग पडतो. आणि दारापाशी मांडलेल्या टेबलावरील पुस्तकांना स्पर्श न करता मंडळी उपाहाराकडे वळतात. एका गुच्छाच्या किमतीत एक कवितासंग्रह येतो. गुच्छ आणणाऱ्या प्रत्येकाने त्याऐवजी प्रत विकत घेतली असती, तर पैसे मागणाऱ्या प्रकाशकास ‘पुस्तके खपत नाहीत’ हे पालुपद आळवता आले नसते. हा दोष आपणा सर्वांचा आहे, माझाही आहे.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. प्रत्येक पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ अशी नावे छापलेली असतात. त्यांच्याखाली आणखी एक ओळ छापावी: ‘खर्च: लेखकाचा’. आणि ‘आपले पुस्तक आम्ही प्रकाशित करू’ अशा ज्या चौकटी आपल्याच पत्राच्या शेवटच्या पानावर दर आठवड्यास झळकतात, त्यांतही ती ओळ घालण्याची अट आपण घालावी. ही अट घातल्यावर त्या चौकटींपैकी किती टिकतात, ते मी मोजून आपणास कळवीन.

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून
पंचवटी, नाशिक