निळ्या गोळीची उपेक्षा नको

शाळेत आठवड्यास एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक घरांत कोनाड्यातच पडून राहते, असे आमच्या कानी येते. ‘तिने मळमळते, शौच काळे होते,’ ही तक्रार खोटी नव्हे; परंतु तो काळा रंग लोहाचाच असून त्यात भय नाही, आणि जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ बहुधा टळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या शेकडा ५९ मुली व ३१ मुलगे रक्तक्षयाने पीडित आढळले. तेव्हा धाप लागणाऱ्या, अभ्यासात मन न लागणाऱ्या लेकीला आळशी म्हणून बोल लावण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे.

त्या गोळीत फॉलिक आम्लही असते. १९२८ साली मुंबईस आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गिरणीत राबणाऱ्या गर्भवतींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे १९३१ साली दाखविले. त्यातूनच पुढे या आम्लाचा शोध लागला. गरीब मातांच्या दुखण्यातून लाभलेले हे औषध आपण वाया दवडावे काय?

मातापित्यांनो, गोळी जेवणानंतर आपल्या देखत द्या. लगेच चहा देऊ नका, आणि पानात लिंबाची फोड अवश्य वाढा.